शहराचे पाणी व खेड्याची जमीन

शहर आणि खेडे ही दोन निराळी जगे आहेत, अशी समजूत मुलांच्या मनात सहज रूढ होते. ती दूर करण्यास पाण्याचा नळ हे उत्तम साधन होय.

मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी हे नगर वसविले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे पाणी त्याने भूमिगत नहरीतून, केवळ उताराच्या बळावर, नगरात आणले. पुढे वस्ती व कारखाने वाढले आणि शहरास सुमारे पन्नास किलोमीटरांवरील पैठणकडे पाहावे लागले. तेथे गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. या धरणाच्या जलाशयास नाथसागर म्हणतात.

नाथसागराखाली नदीकाठच्या अनेक गावांच्या जमिनी व घरे गेली. धरण मुख्यतः मराठवाड्याच्या शेतीसाठी बांधले गेले. तथापि टंचाईच्या वर्षी पिण्याचे पाणी प्रथम राखून ठेवावे लागते व कालव्यास कमी पाणी सुटते. हा क्रम योग्यच आहे. पण नळाला आलेल्या पाण्यात कोणाच्या तरी उभ्या पिकाचा वाटा असतो, याची जाणीव नागरिकास असली पाहिजे.

शहरही खेड्यास पुष्कळ देते. जाधववाडीची बाजारपेठ शेतमाल घेते, घाटी रुग्णालयात गावोगावचे रोगी येतात, आणि १९५८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात शेतकऱ्यांची मुले शिकतात. परंतु शहराचे सांडपाणीही खाम नदीवाटे गोदावरीकडे जाते. स्वच्छ आलेले पाणी मलिन होऊन परत गेले, तर त्याचा उपद्रव खालच्या गावांना होतो. म्हणून सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे हा उपकार नव्हे, ते शहराचे देणे आहे.

शिक्षकांनी तिसरी-चौथीच्या मुलांकडून दोन याद्या करून घ्याव्यात : गावातून शहरात काय जाते, व शहरातून गावात काय येते. दूध, भाजी, धान्य व मजूर एका बाजूस; औषधे, अवजारे, पुस्तके व पैसा दुसऱ्या बाजूस. मग शाळेच्या नळाचे वा विहिरीचे पाणी कोठून येते व वापरल्यावर कोठे जाते, हे मुलांनी स्वतः शोधावे. देवघेव दोन्ही बाजूंनी चोख राहिली, तरच दोघांची भरभराट टिकेल, हे मुलांना मग निराळे सांगावे लागणार नाही.