गॅलिलिओच्या खटल्यातले दोन कागद



गॅलिलिओची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. त्याने दुर्बीण आकाशाकडे वळवली, पृथ्वी फिरते असं म्हणाला, चर्च चिडलं, म्हाताऱ्याला गुडघे टेकायला लावले आणि उठता उठता तो पुटपुटला, "तरीही ती फिरतेच." हे शेवटचं वाक्य आधीच बाजूला काढून ठेवू. ते छापलेलं सापडतं ते १७५७ साली लंडनमधल्या एका पुस्तकात, म्हणजे खटल्यानंतर सव्वाशे वर्षांनी. इन्क्विझिशनच्या कार्डिनलांसमोर असं काही पुटपुटणं म्हणजे जिवाशी खेळ होता, आणि गॅलिलिओ तितका भोळा नक्कीच नव्हता.

खटल्याची मूळ कागदपत्रं बरीचशी शिल्लक आहेत आणि छापूनही आली आहेत. ती वाचायला लागलं की एक गोष्ट खटकते. १६३३ च्या त्या खटल्यात पृथ्वी फिरते की नाही यावर कोणी वाद घातलाच नाही. दुर्बीण मागवली नाही, साक्षीला खगोलज्ञ बोलावले नाहीत. पहिल्या जबानीत सगळा जोर एकाच प्रश्नावर होता: सतरा वर्षांपूर्वी, १६१६ साली, तुला नेमकं काय सांगितलं होतं? आणि त्या एका भेटीबद्दल दोन कागद होते, एकमेकांशी न जुळणारे.

पण आधी १६१६ पर्यंत कसे पोचलो ते बघू.

१६०९ साली गॅलिलिओ पादुआ विद्यापीठात गणित शिकवत होता. हॉलंडमध्ये कोणीतरी दूरचं जवळ दाखवणारी नळी बनवल्याचं कानावर आलं आणि याने स्वतः भिंगं घासून वर्षअखेरीपर्यंत सुमारे वीसपट मोठं दाखवणारी दुर्बीण तयार केली. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्याला गुरूशेजारी तीन बारीक तारे एका रेषेत दिसले. रोज रात्री बघितलं तर ते जागा बदलत होते, पण गुरूला सोडत नव्हते. आठवड्याभरात चौथाही सापडला. म्हणजे पृथ्वीखेरीज दुसऱ्या कशाभोवती फिरणाऱ्या वस्तू आकाशात होत्या. मार्चमध्ये त्याने छोटंसं पुस्तक छापलं आणि या चार चंद्रांना फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचं नाव दिलं. त्याच वर्षी त्याला त्या दरबारात नोकरी मिळाली, तीही शिकवण्याची सक्ती नसलेली! माणूस करियरच्या बाबतीतही हुशार होता.

मग १६१० च्या शेवटी शुक्र. टॉलेमीच्या जुन्या मांडणीत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये असतो, त्यामुळे तो फक्त कोरीसारखा दिसायला हवा. दुर्बिणीतून मात्र चंद्रासारख्या सगळ्या कला दिसल्या, जवळजवळ पूर्ण गोलसुद्धा. म्हणजे शुक्र सूर्याभोवती फिरतो. टॉलेमी संपला. रोममधल्या जेझुइट पंथाच्या विद्यालयातल्या खगोलज्ञांनी स्वतः बघून ही निरीक्षणं बरोबर असल्याचं १६११ साली मान्य केलं आणि गॅलिलिओचा तिथे सत्कार झाला. "चर्चवाले दुर्बिणीतून बघायलाच तयार नव्हते" ही आपली समजूत निदान या मंडळींना लागू पडत नाही.

आता इंजिनियर मंडळींनी इथे जरा थांबावं. टॉलेमी संपला म्हणून कोपर्निकस सिद्ध झाला का? नाही. टायको ब्राहेचं तिसरं मॉडेल होतं: सगळे ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य हा सगळा लवाजमा घेऊन स्थिर पृथ्वीभोवती. शुक्राच्या कला त्यातूनही अगदी तशाच निघतात. दोन मॉडेलं, एकच आउटपुट. फरक दाखवणारी टेस्ट एकच होती. पृथ्वी वर्षभरात एवढी मोठी फेरी मारत असेल, तर जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेले दिसायला हवेत. डोळ्यांसमोर बोट धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला की बोट सरकल्यासारखं वाटतं, तसं. ताऱ्यांचं हे सरकणं कोणालाच दिसत नव्हतं, आणि गॅलिलिओलाही ते माहीत होतं.

दरम्यान वाद धर्मग्रंथाच्या अंगणात शिरला होता. बायबलमध्ये यहोशवा सूर्याला थांबायला सांगतो. सूर्य फिरतच नसेल तर थांबेल कसा? राजमाता क्रिस्टिना हिने हा प्रश्न गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याला विचारला. हा कास्तेल्ली स्वतः बेनेडिक्टाइन साधू. गॅलिलिओने २१ डिसेंबर १६१३ ला त्याला लांबलचक पत्र लिहिलं. मतितार्थ असा की धर्मग्रंथ मोक्षासाठी आहे, तो लोकांना कळेल अशा भाषेत बोलतो, निसर्गाचे प्रश्न निसर्गाला विचारावेत. पत्राच्या नकला फिरल्या (तेव्हाचं फॉरवर्डच म्हणा), आणि १६१५ च्या फेब्रुवारीत एक नक्कल तक्रारीसह रोमला पोचली. गॅलिलिओने लगेच कळवलं की ती नक्कल कोणीतरी बिघडवलेली असावी, आणि सोबत "खरी" प्रत पाठवली, सौम्य भाषेतली. चारशे वर्षं विद्वान वाद घालत होते की कोण खरं बोलतंय. २०१८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयात मूळ पत्र सापडलं. कॅटलॉगमध्ये तारीख चुकीची पडल्याने कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्यात गॅलिलिओच्याच अक्षरात आधीचे कडक शब्द खोडून मवाळ शब्द घातलेले आहेत! मला तर हे वाचून तो माणूस जास्त जवळचा वाटला. घाबरलेला माणूस "सेंट" झालेलं पत्र परत घेऊन सुधारू बघतोय.

या काळात रोममधला सगळ्यात वजनदार धर्मपंडित म्हणजे कार्डिनल बेलार्मिन. त्याचं एप्रिल १६१५ चं एक पत्र आहे, ते जरूर वाचण्यासारखं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पृथ्वी फिरते याचा खरोखरचा पुरावा असेल, तर धर्मग्रंथातल्या त्या वचनांचा अर्थ आपल्याला नव्याने, जपून लावावा लागेल, पण असा पुरावा आहे हे मला कोणी दाखवल्याशिवाय मी मानणार नाही. यातलं अर्धं मला पटतं. पुरावा खरंच अपुरा होता. पण दुसरं अर्धं काय झालं बघा. पुरावा मागायचा, आणि तो मिळेपर्यंत त्या दिशेने विचार करणाऱ्याचं तोंड बांधायचं. मग पुरावा आणणार कोण?

२४ फेब्रुवारी १६१६ ला सल्लागार धर्मपंडितांनी निकाल दिला की सूर्य स्थिर आहे हे मत मूर्खपणाचं आणि उघड पाखंडी आहे. दुसऱ्या दिवशी पोप पाचवा पॉल याचा आदेश निघाला, आणि त्यातली क्रमवारी महत्त्वाची आहे. बेलार्मिनने गॅलिलिओला बोलावून हे मत सोडायला सांगावं. त्याने नकार दिला तरच इन्क्विझिशनच्या कमिसरीने साक्षीदारांसमोर त्याला मनाई हुकूम बजावावा. तरीही नाही ऐकलं तर तुरुंग.

२६ तारखेला बेलार्मिनच्या घरी भेट झाली. फाइलमधलं टिपण सांगतं की बेलार्मिनने समज दिली आणि लगेच पाठोपाठ कमिसरीने हुकूम बजावला: हे मत बाळगायचं नाही, शिकवायचं नाही, समर्थन करायचं नाही, तोंडी वा लेखी, कोणत्याही प्रकारे. गॅलिलिओने नकार दिल्याचा उल्लेख या टिपणात नाही. मग हुकूम कशासाठी? आणि त्याखाली ना गॅलिलिओची सही, ना बेलार्मिनची, ना साक्षीदारांची. आठवड्याभराने, ३ मार्चच्या बैठकीच्या नोंदीत बेलार्मिन सांगतो की समज दिली आणि त्याने मानली. हुकुमाचं नाव नाही. हा झाला पहिला कागद.

दुसरा कागद निघाला अफवांमुळे. गॅलिलिओला शिक्षा झाली, त्याला माफी मागायला लावली, असं लोक बोलू लागले. वैतागून त्याने बेलार्मिनकडे लेखी मागितलं. २६ मे १६१६ ला बेलार्मिनने स्वतःच्या सहीने दाखला दिला: याला कोणतंही मत शपथेवर सोडायला लावलेलं नाही, प्रायश्चित्त दिलेलं नाही, फक्त कोपर्निकसचं मत धर्मग्रंथाविरुद्ध असून ते बाळगता किंवा समर्थन करता येणार नाही, हा निर्णय कळवला आहे. "शिकवणे" नाही, "कोणत्याही प्रकारे" नाही. म्हणजे नुसती चर्चा करायला, एक कल्पना म्हणून मांडायला जागा उरत होती. आपण नाही का, क्लायंटशी फोनवर ठरलं की लगेच कन्फर्मेशनचा मेल मागवतो? गॅलिलिओने तेच केलं आणि कागद जपून ठेवला.

१६२१ मध्ये बेलार्मिन वारला. १६२३ मध्ये गॅलिलिओचा चाहता माफेओ बार्बेरिनी आठवा अर्बन म्हणून पोप झाला. याने पूर्वी गॅलिलिओच्या स्तुतीची कविता केलेली! पुढच्या वर्षी दोघांच्या सहा भेटी झाल्या. पोपचा एक लाडका मुद्दा होता: देव सर्वशक्तिमान आहे, तो कोणतीही गोष्ट आपल्याला सुचणारही नाही अशा मार्गाने घडवू शकतो, त्यामुळे अमुकच कारण खरं असं माणसाने म्हणू नये.

१६३२ च्या फेब्रुवारीत फ्लॉरेन्सला रीतसर परवान्यासह ते प्रसिद्ध संवादाचं पुस्तक निघालं. लॅटिनमध्ये नव्हे, इटालियनमध्ये, म्हणजे दुकानदारालाही वाचता येईल असं. दोन विश्वरचनांची तुलना, असं वरवर रूप. टायकोची तिसरी रचना जवळपास वगळलेली. हुकमी पुरावा म्हणून चौथ्या दिवसाच्या संवादात भरती-ओहोटी: पृथ्वीच्या दोन गतींमुळे समुद्र हिंदकळतो म्हणे. हे साफ चुकलेलं होतं. त्या हिशेबाने दिवसातून एकच भरती यायला हवी. चंद्राचा संबंध केपलरने सांगितलेला त्याने धुडकावला, आणि आपल्या कोकणातला कोळी तर तिथीवरून भरतीची वेळ सांगतो. याहून महागात पडली ती दुसरी गोष्ट. पोपचा तो लाडका मुद्दा पुस्तकाच्या शेवटी आला खरा, पण सिम्प्लिचोच्या तोंडी, म्हणजे सगळं पुस्तकभर हरत आलेल्या पात्राच्या तोंडी.

पोप भडकला. चौकशी समितीला जुन्या फाइलमध्ये ते बिनसहीचं टिपण सापडलं आणि खटल्याला हत्यार मिळालं. सत्तरीला टेकलेल्या, आजारी गॅलिलिओने डॉक्टरांची सर्टिफिकेटं पाठवली. उत्तर आलं की येत नसेल तर बेड्या घालून आणू.

१२ एप्रिल १६३३ ला पहिली जबानी. १६१६ ला काय सांगितलं, या प्रश्नावर गॅलिलिओने बेलार्मिनच्या दाखल्याची नक्कल पुढे ठेवली. न्यायाधीशांना या दाखल्याची कल्पनाच नव्हती असं दिसतं. "कोणत्याही प्रकारे" हे शब्द ऐकवल्यावर तो म्हणाला, आठवत नाहीत. माझ्याकडे हा कागद असल्याने बाकीचं लक्षात ठेवायची गरज वाटली नाही. पण मग त्याने हेही सांगितलं की मी पुस्तकात कोपर्निकसचं समर्थन केलेलं नाही, उलट खंडन केलं आहे. पुस्तक वाचलेल्या कोणाचाही यावर विश्वास बसणं शक्य नव्हतं.

कायद्याच्या बाजूने खटला अडकला. मग कमिसरी माकुलानो त्याला खाजगीत भेटला आणि त्याचं मन वळवलं. ३० एप्रिलला गॅलिलिओने कबूल केलं की पुस्तक पुन्हा वाचताना लक्षात आलं, हुशारी मिरवण्याच्या नादात चुकीच्या बाजूचे मुद्दे जास्त जोरदार झाले. सौम्य शिक्षेवर भागेल अशी त्याची अपेक्षा असणार. पण पोपला ते पुरेसं नव्हतं. २१ जूनला यातना देण्याची धमकी देऊन पुन्हा विचारलं, आणि २२ जूनला गुडघ्यांवर बसून त्याने ते मत शपथेवर सोडलं. निकालपत्रात पाखंडाचा तीव्र संशय, कैद, पुस्तकावर बंदी. आणि बेलार्मिनच्या सहीचा दाखला? निकालपत्र म्हणतं, तो तर तुझा गुन्हा आणखी वाढवतो. मत धर्मग्रंथाविरुद्ध आहे हे लेखी कळूनही तू लिहिलंस. दहा न्यायाधीशांपैकी सातांच्याच सह्या त्या निकालावर आहेत. सही नसलेल्यांत खुद्द पोपचा पुतण्या कार्डिनल फ्रांचेस्को बार्बेरिनी होता. त्या दिवशी गैरहजर होता की मुद्दाम टाळलं, यावर अजून वाद चालतो.

एकोणिसाव्या शतकात फाइल उघड झाल्यावर ते बिनसहीचं टिपण बनावट असल्याची शंका घेतली गेली. आज बहुतेक अभ्यासक ते १६१६ चंच मानतात. माझं मत विचाराल तर त्याने फारसा फरक पडत नाही. कागद अस्सल असला तरी तो एकाच बाजूने लिहिलेला होता.

शिक्षेत आणखी एक कलम होतं: तीन वर्षं आठवड्यातून एकदा पश्चात्तापाची सात स्तोत्रं म्हणायची. गॅलिलिओची थोरली मुलगी मारिया चेलेस्ते फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीच्या मठात जोगीण होती. तिने वडिलांना कळवलं की ही स्तोत्रं तुमच्याऐवजी मी म्हणेन. तिची १२४ पत्रं शिल्लक आहेत. त्यांत कॉलर शिवणं, वाइनची पिंपं, बागेतली लिंबं, मठातली आजारपणं आणि पैशाची चणचण असं सगळं आहे. डिसेंबर १६३३ मध्ये गॅलिलिओला आर्चेत्रीच्या घरी नजरकैदेत राहायची परवानगी मिळाली, मठापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चार महिन्यांत, २ एप्रिल १६३४ ला, ती वारली. वय तेहेतीस. त्याने तिला लिहिलेली पत्रं कुठेच सापडलेली नाहीत.

त्याच घरात त्याने गती आणि पदार्थांची ताकद यांवरचं शेवटचं पुस्तक पुरं केलं. आपण इंजिनियरिंगला पहिल्या वर्षी बीमचं गणित शिकलो, त्याची सुरुवात तिथली. ते १६३८ साली हॉलंडमध्ये लायडनला छापून निघालं, तोवर त्याची दृष्टी गेली होती. ८ जानेवारी १६४२ ला तो वारला, शेवटपर्यंत नजरकैदेतच.

बेलार्मिनने मागितलेला पुरावा हळूहळू आला. १७२९ मध्ये ब्रॅडलीने पृथ्वीच्या गतीमुळे ताऱ्यांचा प्रकाश किंचित कललेला दिसतो हे दाखवलं. ताऱ्याचं ते सरकणं बेसेलने मोजलं १८३८ साली, हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं: एका अंशाचा सुमारे दहा हजारावा भाग. गॅलिलिओचं संवादाचं पुस्तक बंदीच्या यादीतून वगळलं गेलं ते १८३५ च्या आवृत्तीत, त्याच्या तीन वर्षं आधी.