जुनी डोंगरी सायकल आणि कामावरचा रस्ता



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा मांडवांत इतिहास, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय येत गेले. आम्ही मात्र आज आपल्यापुढे पाना, पक्कड आणि ब्रेकची तार घेऊन उभे आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर जास्त झाले, तेव्हा विषयही फाटकावरचाच सुचला. दुकानदार जिला एमटीबी किंवा रेंजर म्हणतात, ती डोंगरी सायकल जुनी होऊन अडगळीत पडली असेल, तर तिला खाली वळलेले रेसिंग हँडल लावून रोज कामावर नेण्याजोगी कशी करावी, हा तो विषय होय.

चेंबूरकरांना याची निकड समजावून सांगण्याचे कारण नाही. १९५४-५५ साली माहुलच्या अंगाला दोन तेलशुद्धीकरण कारखाने चालू झाले, १९६५ साली ट्रॉम्ब्याचा खत कारखाना सुरू झाला, शेजारी अणुसंशोधन केंद्र आणि वीजकेंद्र आहेच. कायम कामगारांपैकी पुष्कळांना वसाहत मिळाली, कंपनीची बस मिळाली. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला यांतले बहुधा काही येत नाही. तो गोवंडीहून, मानखुर्दहून, वाशी नाक्याहून आपल्या सोयीने येतो आणि रात्रपाळी सुटल्यावर आपल्या सोयीने जातो. पूर्व मुक्त मार्ग २०१३ साली खुला झाला, पण तेथे दुचाकीला प्रवेश नाही. सायकलवाल्याला रामकृष्ण चेंबूरकर मार्ग आणि शीव-ट्रॉम्बे रस्ता हेच उरतात, आणि तेही टँकरांच्या संगतीने.

दुसरीकडे, आमच्याच सोसायट्यांच्या जिन्याखाली पाहा. मुलाने दहावीला हट्टाने घेतलेली गिअरची सायकल टायर बसलेल्या स्थितीत धूळ खात असते. शेवटी ती वजनावर भंगारवाल्याकडे जाते. तिचा सांगाडा मात्र बहुधा शाबूत असतो. हा सांगाडा आणि तो कामगार यांची गाठ घालून देता येईल काय, असा आमचा प्रश्न आहे.

यावर आमचे काही सहकारी म्हणतात की, कामगाराला जुन्या सायकली जोडायला शिकवणे म्हणजे मालकाला बसच्या जबाबदारीतून मोकळे करणे होय. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. बसची मागणी मागणीपत्रात आहे आणि ती तेथेच राहील. परंतु मागणी मान्य होईपर्यंत उद्या सकाळच्या सात वाजताची पाळी चुकत नाही. त्या माणसाच्या हाती निदान धड थांबणारी सायकल असावी, एवढेच आमचे म्हणणे.

आता मूळ वस्तूकडे वळू. डोंगरी सायकल ही स्वतःच जुन्या सायकलीच्या मोडतोडीतून जन्माला आली. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील टॅमलपाय डोंगराच्या परिसरात, काही तरुण तीसचाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलून त्यांना मजबूत ब्रेक आणि गिअर लावीत व मातीच्या उतारांवरून सोडीत. १९७६ साली तेथे रीपॅक नावाची शर्यत सुरू झाली. पुढे १९८१ साली स्टंपजंपर ही सायकल कारखान्यात घाऊक तयार होऊन बाजारात आली आणि हे वेड जगभर गेले. याच जातीच्या सायकलीला रेसिंग हँडल लावणे हेही नवे नाही. जॉन टोमॅक हा नामांकित शर्यतपटू १९९० साली तसल्या हँडलने डोंगरातल्या शर्यती खेळला. तेव्हा आम्ही सांगतो तो उपद्व्याप या सायकलीच्या कुळाला शोभणाराच आहे.

आपल्याकडे रेसिंग हँडल म्हटले की मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाट चढणारे घाटाचे राजे डोळ्यांपुढे येतात. कामावर जाणाऱ्याला ते कशाला? कारण असे की, सरळ हँडलवर हाताची जागा एकच. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर मनगट आणि तळवा बधिर होतो. वळलेल्या हँडलवर तीन-चार जागा मिळतात: वरची आडवी नळी, ब्रेकच्या मुठी, मुठींमागचा बाक आणि खालची वळणे. पावसाळ्यात समोरून वारा आला की थोडे खाली वाकता येते. मात्र ज्याचे कारखान्याचे अंतर तीन-चार किलोमीटर आहे, त्याने हँडल बदलण्याच्या भानगडीत पडू नये. टायर बदलावेत, ब्रेक नीट करावेत आणि सरळ हँडलवर खुशाल जावे.

कामाचा क्रम असा. पहिला सांगाडा. पोलादी आणि मागे झटका-दांडा नसलेला सांगाडा निवडावा. पॅडलच्या आसाखालची नळी आणि हँडलखालची नळी येथे गंज आत शिरलेला नाही ना, सांध्याला चीर नाही ना, सीटचा खांब वरखाली होतो ना, हे पाहावे. चीर गेलेला सांगाडा फुकट मिळाला तरी घेऊ नये. पुढचा फोर्क, ज्याला आपले मेकॅनिक चिमटा म्हणतात, तो स्वस्त सायकलीत स्प्रिंगचा असतो. तो वजनदार असतो आणि गंजून जाम झालेला असतो. त्याच्या जागी साधा फोर्क घालावा, पण आधी जुन्या फोर्कची आसापासून माथ्यापर्यंतची उंची, दांड्याची जाडी व लांबी मोजून घ्यावी. फार आखूड फोर्क घातला तर पुढचा भाग खाली बसतो आणि सायकल चंचल होते.

दुसरे टायर. गोटेदार टायर मातीसाठी असतात, डांबरावर ते पाय ओढतात. त्याऐवजी दीड ते पावणेदोन इंच रुंदीचे गुळगुळीत टायर घालावेत. पण दुकानात नुसते ‘सव्वीस इंची’ म्हणून मागू नये. डोंगरी सायकलीचे सव्वीस इंच दशांशात लिहितात, २६ × १.७५ असे, आणि त्या रिमचे खरे माप ५५९ मि.मी. असते. जुन्या घरगुती सायकलींचे सव्वीस इंच अपूर्णांकात लिहितात. २६ × १ ३/८ चे माप ५९० आणि २६ × १ १/२ चे ५८४. नाव एक, मापे तीन, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या कडेवर कोरलेला तीन आकडी आकडा वाचावा, म्हणजे फेरा वाचतो.

तिसरे हँडल. हँडल ज्यात आवळले जाते त्या स्टेमच्या तोंडाचे माप जुन्या डोंगरी सायकलीत बहुधा २५.४ मि.मी. असते. रेसिंग हँडलची मधली जाडी २६ किंवा ३१.८ असते. २६ चे हँडल कानशीने घासून २५.४ मध्ये घुसवणारे आम्ही पाहिले आहेत. घासलेली नळी तेथेच, बोल्टजवळ, तुटते आणि तुटताना सूचना देत नाही. हँडलच्या मापाचा स्टेमच आणावा. शिवाय डोंगरी सांगाड्याचा वरचा दांडा लांब असतो आणि रेसिंग हँडलच्या मुठी आणखी ८० मि.मी.च्या आसपास पुढे जातात. म्हणून स्टेम आखूड आणि उंच पाहिजे, नाहीतर माणूस सायकलीवर आडवा होतो, मान दुखते आणि बाजूचा टँकर दिसत नाही. खांबावर ‘येथपर्यंत आत’ अशी रेघ असते. ती रेघ बाहेर दिसेल इतका खांब कधीही वर ओढू नये. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचे बसवावीत, कारण उघडी नळी पडताना शरीरात घुसते.

चौथा भाग ब्रेकचा. या सबंध कामात जिवाशी गाठ आहे ती येथे. डोंगरी सायकलीला बहुधा लांब हातांचा व्ही-ब्रेक असतो. त्याला तार बरीच खेचावी लागते. रेसिंग हँडलची साधी लिव्हर त्याच्या साधारण निम्मीच तार खेचते. दोन्ही जोडले की ब्रेक उभ्या सायकलीवर छान मऊ लागतो, पण रस्त्यावर जोर लावला की लिव्हर थेट हँडलला टेकते आणि चाक फिरतच राहते. तार आवळून ही उणीव लपवता येते, परंतु ब्रेकशूची झीज झाली की ती पुन्हा उघडी पडते. यावर मार्ग तीन. पहिला, व्ही-ब्रेक काढून त्याच खुंट्यांवर जुन्या पद्धतीचे कँटिलिव्हर ब्रेक बसवावेत, ते साध्या लिव्हरशी जुळतात. दुसरा, आखूड हातांचे मिनी व्ही-ब्रेक घालावेत. तिसरा, जास्त तार खेचणारी खास रेसिंग लिव्हर आणावी. तारेच्या टोकाचा मणीही निराळा असतो, रेसिंग लिव्हरला पेरच्या फळासारखा आणि डोंगरी लिव्हरला लहान पिंपासारखा. मणी घासून बसवू नये, योग्य तार घ्यावी.

रिमही पाहावी. चकचकीत पोलादी रिमवर पाणी पडले की रबरी शूची पकड फारच कमी होते. आपल्याकडे चार महिने पाऊस. म्हणून पैसे थोडेच असतील, तर ते हँडलवर घालण्याआधी पुढच्या चाकाच्या ॲल्युमिनियम रिमवर घालावेत, असा आमचा सल्ला आहे.

पाचवा गिअर. डोंगरी गिअरचा खटका २२.२ मि.मी.च्या नळीसाठी असतो. रेसिंग हँडलची वळणे २३.८ ची असतात, तो तेथे चढत नाही. सोपा उपाय म्हणजे पुढे एकच ४० दात्यांचे चक्र ठेवावे, मागे १४ ते २८ दात्यांचे फ्रीव्हील असू द्यावे आणि खटक्याविना सरकणारी साधी गिअर लिव्हर खालच्या तिरप्या दांड्यावर किंवा स्टेमवर बसवावी. हिशेब करून पाहा. या चाकाचा घेर गुळगुळीत टायरसह सुमारे २ मीटर. ४० ला १४ ने भागून २ ने गुणले की पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.७ मीटर जाते. मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी २४ किलोमीटर. पुलाचा चढ आला की २८ दात्यांवर एका फेऱ्यात २.९ मीटर, म्हणजे डब्यासह बसूनच चढता येते. कामगाराला याहून अधिक गिअर लागत नाहीत.

शेवटी मडगार्ड, कॅरियर, घंटी, पुढे पांढरा व मागे लाल दिवा. यांना शोभेच्या वस्तू समजू नये. रात्रपाळीच्या माणसाला टँकरवाल्याने पाहिले पाहिजे.

सायकल तयार झाली की परीक्षा घ्यावी. लिव्हर पूर्ण दाबली असता तिच्यात आणि हँडलमध्ये दोन बोटे जागा राहिली पाहिजे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली असता मागचे चाक उचलले पाहिजे. मग रिमवर तांब्याभर पाणी ओतून, मोकळ्या जागी सायकल चालवून ब्रेक पुन्हा पाहावेत. या परीक्षेत नापास झालेली सायकल फाटकाबाहेर काढू नये.

रस्त्यावरच्या अपघाताचा कायदाही माहीत असावा. कामावर जाता-येता झालेला अपघात हा कामाचाच अपघात मानावा, ही चळवळीची जुनी मागणी. राज्य विमा कायद्यात २०१० साली त्यासाठी ५१-ई हे कलम घालण्यात आले. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाच्या दाव्यात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्यालाही लागू केले. अट अशी की अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसला पाहिजे. म्हणून आमचे सांगणे, पाळीची नोंद जपा आणि नेहमीचा सरळ रस्ता धरा. त्या कुटुंबाला बावीस वर्षे थांबावे लागले, हे विसरू नका.

जाता जाता सायकल बनवणाऱ्या हातांचे स्मरण करू. वरळीची हिंद सायकल्स आजारी पडली आणि १९८० च्या कायद्याने आसनसोलच्या सेन-रॅलेबरोबर राष्ट्रीयीकृत झाली, तरी वाचली नाही. १९५१ साली सुरू झालेल्या ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, थांबला. कारखाने गेले, पण त्यांनी घडवलेले सांगाडे अजून आपल्या जिन्याखाली उभे आहेत.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक सोसायटीने पडून असलेल्या सायकली महिन्यातून एका रविवारी बाहेर काढाव्यात. मित्रमंडळाने एक जागा द्यावी, नाक्यावरच्या सायकल मेकॅनिकला त्या दिवसाची पुरी मजुरी द्यावी, आणि ५५९, २५.४, २६, २२.२, २३.८ हे आकडे भिंतीवर ठळक लिहून ठेवावेत. पाना आणि ओळंब्याची पट्टी आम्ही घेऊन येऊ.