ॲन आर्बरचे जुने घर: काय राखावे, काय बदलावे



माझी लेक आणि जावई अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी राहतात. तिथल्या ओल्ड वेस्ट साइड नावाच्या वस्तीत त्यांनी एक जुने लाकडी घर घेतले आहे. घराने शंभरी ओलांडली आहे. मागच्या उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी चार महिने तिथे राहिलो. घराची डागडुजी करताना मी जे शिकलो आणि जी चूक करून बसलो, ते दोन्ही सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे परदेशात अशी जुनी घरे घेत आहेत. काहींची अलिबाग-रेवदंड्याकडची घरे अजून कुलूप लावून उभी आहेत. दोन्हीकडे हे कामाला येईल.

वस्ती कशी वाचली

ही वस्ती एकोणिसाव्या शतकात मुख्यतः जर्मनीच्या व्युर्टेमबेर्ग भागातून आलेल्या लोकांनी वसवली. इथे मोठे वाडे नाहीत. कारागीर आणि दुकानदार यांची ही साधी घरे. पुढे ओटीसारखा लाकडी व्हरांडा, मागे थोडी बाग. १९६७ साली रहिवाशांनी ओल्ड वेस्ट साइड असोसिएशन काढली. १९७२ मध्ये वस्तीचे नाव देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेले आणि १९७८ पासून गावाच्या कायद्याचे संरक्षण मिळाले.

याचा अर्थ असा की घराच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे खिडक्या, व्हरांडा, छप्पर यांना हात लावायचा तर आधी हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट कमिशनची परवानगी लागते. आतल्या खोल्या मात्र मालकाने आपल्या मर्जीने ठेवाव्या. जावयाला हे प्रथम जाचक वाटले. पण मी त्याला म्हटले, "बाबा रे, इस्राएल मोहल्ल्यातली जुनी घरे एकेक करून गेली, तेव्हा आम्हाला थांबवणारे कोणी नव्हते."

माझी चूक

पहिल्याच आठवड्यात मी खिडक्या घासायला घेतल्या. हातात पॉलिश पेपर, अंगात उत्साह. रंगाचे पापुद्रे निघत होते, पांढरी धूळ उडत होती, आणि शेजारच्या खोलीत दहा महिन्यांचा नातू रांगत होता. समोरच्या घरातील वृद्ध बाई धावत आल्या आणि त्यांनी मला हात थांबवायला सांगितले. मला राग आला. मग त्यांनी कारण सांगितले.

अमेरिकेत १९७८ पर्यंत घराच्या रंगात शिसे घालत असत. त्या वर्षी त्यावर बंदी आली. १९४० पूर्वीच्या शंभर घरांपैकी सुमारे ८७ घरांत असा रंग कुठे ना कुठे सापडतो, असे तिथले सरकार सांगते. भिंतीवर घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही. तो कोरडा घासला की धूळ होते, धूळ जमिनीवर बसते, आणि रांगणारे मूल हात तोंडात घालते. शिशाने मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि अमुक इतके शिसे चालेल अशी सुरक्षित पातळी नाही.

त्याच दिवशी नातवाला डॉक्टरकडे नेले. रक्त तपासले. तिथे ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला तर काळजीचे समजतात. आमचा आकडा त्याखाली आला, पण शून्य नव्हता. लेक मला एका शब्दानेही बोलली नाही. "पप्पा, तुम्हाला ठाऊक नव्हते," एवढेच म्हणाली. ते मला जास्त लागले. म्हणून हे लिहितो.

नियम सोपे आहेत. जुना रंग आधी तपासून घ्यावा. कोरडा घासू नये, आगीने जाळू नये. पाणी फवारून ओला खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावे, मुले व गरोदर बाई घराबाहेर ठेवावी. साध्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावे. २०१० पासून अशा घरात पैसे घेऊन काम करणाऱ्या कंत्राटदाराला तिथे सरकारी प्रमाणपत्र लागते. ते मागून पाहावे. आपल्याकडची जुनी रंगवलेली दारे-खिडक्या घासतानाही हीच काळजी घ्यावी.

जुनी खिडकी का टाकू नये

एक विक्रेता सगळ्या खिडक्या बदला म्हणत होता. आम्ही बदलल्या नाहीत. ही खिडकी वरखाली सरकते. चौकटीच्या पोटात बिडाची वजने दोरीला टांगलेली असतात आणि दोरी कप्पीवरून जाते. खिडकी उघडत नाही ती बहुधा दोरी तुटल्यामुळे किंवा रंगाने चिकटल्यामुळे. दोरी बदलली की खिडकी पुन्हा एका बोटाने उचलते.

लाकूड जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडाचे, दाट रेषांचे असते. त्याचा कुजलेला तुकडा कापून नवा जोडता येतो. नव्या दुहेरी काचेच्या खिडकीत काचांमधले सील गेले की आत धुके धरते, आणि मग सारी काचच बदलावी लागते. मिशिगनच्या थंडीसाठी जुन्या खिडकीच्या बाहेरून जादा तावदाने बसवतात आणि फटी बुजवतात. घर उबदार राहते.

काच बसवायची लांबी खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून करतात. आपण शनवार तेल्यांची लेकरे, तेलाचे काम पाहून मला बरे वाटले. पण एक धोका लक्षात ठेवावा: जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून ठेवले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. ते बाहेर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

भिंती आणि तारा

भिंती लाकडी पट्ट्यांवर गिलावा करून केलेल्या आहेत. तडा गेला म्हणजे भिंत गेली असे नव्हे. तडा भरता येतो. जुन्या विटांचे सांधे चुन्याचे असतील तर त्यात कडक सिमेंट भरू नये. चुना ओलावा बाहेर सोडतो, सिमेंट अडवते, आणि मग वीटच फुटते. कोकणातल्या जांभ्याच्या, चुन्याच्या भिंतींना हेच लागू आहे.

विजेच्या बाबतीत मात्र जुनेपणाचे प्रेम नको. चिनी मातीच्या गुटक्यांवरून ओढलेल्या जुन्या तारा माळ्यावर सापडल्या तर त्यावर कापूस-लोकर अंथरू नये, तारा तापतात. जाणकाराला बोलावून बदलाव्या.

सजावट

घर संग्रहालय करू नये. संग्रहालय पाहायचे तर गावात १८५३ चे केम्फ हाऊस आहे आणि गोल दगडांनी बांधलेले १८४४ चे कॉबलस्टोन फार्म आहे. आमच्या घरात ओकची जमीन घासूनपुसून तशीच ठेवली. दाराची एक पितळी मूठ हरवली होती, तशीच दुसरी रीयूज सेंटरमध्ये मिळाली. पाडलेल्या घरांचे सामान तिथे विकतात. जेवणघरात माझ्या आईचे मलिद्याचे पितळी ताट लावले. जुनी पितळी भांडी शोभेला चांगली, पण कल्हईशिवाय त्यात आंबट शिजवू नये.

रंगकामाच्या वेळी मेझुझा आधी काढावा. त्यावर रंग फासला तर आत ओल कोंडते आणि चर्मपत्राची अक्षरे बिघडतात. घरातला मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासायचा असतोच. तेव्हाच सोफेरकडे द्यावा.

भिंतीवरचे नाव

गावात ईस्ट लिबर्टी रस्त्यावर एका इमारतीच्या भिंतीवर जुनी रंगवलेली पाटी आहे. ती ओसियास झ्वेर्डलिंग यांच्या फरच्या दुकानाची. ते १९०४ साली बायकांचे कपडे शिवणारे शिंपी म्हणून इथे आले, आणि १९१६ साली स्थापन झालेल्या बेथ इस्राएल या प्रार्थनासभेच्या संस्थापकांपैकी ते एक. दुकान केव्हाच बंद झाले, पण गावाने पाटी पुसली नाही. नातवाला कडेवर घेऊन मी ती पाहून आलो.

तेव्हा वाचकहो, कोकणातले घर विकायचे झाले तरी विकण्याआधी एकदा जाऊन या. दाराच्या उजव्या खांबावर मेझुझाची खाच दिसते का ते पाहा. घराचा फोटो काढा, कोणी कधी बांधले ते मुलांना लिहून ठेवा. आणि घर ठेवणार असाल तर आधी छप्पर गळते का ते पाहा. पाणी थांबले की बाकीचे सावकाश होते.