मोरीत गेलेले औषध आणि जीवाणूंचा अग्नी

मुदत संपलेली पातळ औषधे जातात कोठे, असे चांदूर बाजारातील एका औषध विक्रेत्यास मी विचारले. 'जातीन कुठी डॉक्टरसाहेब, मोरीत!' हे त्यांचे उत्तर. तेव्हापासून हा विषय मनात घोळत आहे.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील वायुवीजन टाकीत असंख्य जीवाणू सेंद्रिय मळाचे पचन करतात. त्यास त्या टाकीचा अग्नी म्हणावयास हरकत नसावी. परंतु हा अग्नी सर्वच द्रव्यांना पचवीत नाही. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन बहुतांशी पचतात. डायक्लोफेनॅक अर्धवट, तेही बेभरवशाचे. अपस्मारावरील कार्बामाझेपिन मात्र जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. त्याच्या रेणूची घडण जीवाणूंच्या विकरांना दाद देत नाही. आणखी एक गंमत अशी की, यकृताने बांधून मूत्रावाटे टाकलेले काही औषधांश हेच जीवाणू पुन्हा मोकळे करतात!

प्रतिजैविके तर या अग्नीवरच उठतात. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे अनेक औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले. हे प्रमाण उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील प्रमाणाहूनही अधिक होते. अशा पाण्यात तगतात ते जीवाणू प्रतिकार शिकलेलेच असतात. पुण्याच्या मुठा नदीतील गाळाचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या बाजूच्या तुलनेत शहरातील गाळात प्रतिकारक जनुके तीसपटीपर्यंत अधिक होती. तेथे कारण होते शहराचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी.

हे वाचून आपण वैद्यांनी निश्चिंत होण्याचे कारण नाही. काढ्याचा चोथा कुजून माती होतो; आसवारिष्टे तर संधानाचीच, म्हणजे सूक्ष्मजीवांचीच निर्मिती. परंतु कज्जली, रससिंदूर, नागभस्म यांचे काय? पारद व नाग ही मूलद्रव्ये. जीवाणू त्यांचे रूप पालटतील, त्यांना नाहीसे करू शकणार नाहीत. टाकीत ती बव्हंशी गाळात बसतात, आणि तो गाळ खत म्हणून संत्र्याच्या बागेतही पडू शकतो.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 साली दिलेल्या मार्गदर्शनात, दुरुपयोगाच्या भयास्तव, केवळ 17 औषधे शौचकूपात टाकण्यास सांगितली आहेत. त्यांत बहुतांशी मादक वेदनाशामके आहेत. उरलेली मोरीत ओतू नयेत. जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावीत. माझ्या दवाखान्यातील मुदतबाह्य रसकल्पांचा डबा मी आता वेगळा, चिठ्ठी लावून ठेवतो.