खेळू दिले, ठरवू कधी देणार?

अमेरिकेतील बेसबॉलचा मोसम मार्चअखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘वर्ल्ड सिरीज’ने संपतो. त्यानंतर चार महिने मैदाने ओस पडतात. परंतु खेळ थांबत नाही. तो मैदानावरून उठून संघमालकांच्या कचेऱ्यांमध्ये जाऊन बसतो. कोणता खेळाडू कोणत्या संघाकडे जाणार आणि किती पैशांत जाणार, कोणत्या मॅनेजरला नारळ मिळणार आणि त्याच्या खुर्चीवर कोण बसणार, आणि जानेवारीत ‘हॉल ऑफ फेम’ म्हणजे बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात कोणाला प्रवेश मिळणार, हे तिन्ही निकाल याच काळात लागतात. तिकडची वृत्तपत्रे हा विषय करमणुकीचा म्हणून छापतात. आम्हाला मात्र त्यात माणसाच्या मालकीचा, अधिकाराचा आणि इतिहासाचा प्रश्न दिसतो. बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही हे खरे. पण ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले गेले, त्याला या खेळाचा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

कृष्णवर्णीयांना मोठ्या साखळ्यांमध्ये खेळू न देण्याचा उघड नियम लिहिला गेला नव्हता. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून खेळला होता. त्यानंतर दार बंद झाले ते १९४७ पर्यंत. या बंदीला नाव काय होते? ‘सभ्य गृहस्थांचा करार’! कागदावर काही नाही, म्हणून न्यायालयात आव्हान देण्याची सोय नाही. विचारले तर सांगायचे, नियम कुठे आहे, लायक खेळाडूच मिळत नाहीत. हे उत्तर आम्ही कुठे तरी ऐकले आहे, असे वाचकांना वाटल्यास नवल नाही.

कृष्णवर्णीय समाज हात बांधून बसला नाही. फेब्रुवारी १९२० मध्ये रुब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन झाली. त्याआधी अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी, ३१ जानेवारीला, इकडे मुंबईत बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले होते. दोहोंचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण ‘आमचे आम्ही उभे करू’ ही भावना एकच होती. या साखळीतून संघ उभे राहिले, मालक तयार झाले, मॅनेजर तयार झाले. ‘पिट्सबर्ग कुरिअर’चे वेंडेल स्मिथ आणि ‘बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन’चे सॅम लेसी यांच्यासारख्या पत्रकारांनी वर्णबंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लेखणी चालवली. ज्या बेसबॉल लेखक संघटनेच्या हाती वार्ताहरांच्या खोलीची किल्ली होती, तिने मात्र आपला पहिला कृष्णवर्णीय सभासद म्हणून लेसींना प्रवेश दिला तो १९४८ साली.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सतर्फे मैदानात उतरला. हा दिवस मोठाच. परंतु ही कथा बहुधा संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. त्यामागच्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांच्या लढ्याचा उल्लेख तळटीपेत येतो. आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघातून आला, त्या संघाला रिकींनी एक डॉलरही दिला नाही. न्यूअर्क ईगल्सच्या मालकीणबाई एफा मॅनली यांनी मात्र लॅरी डोबीसाठी भरपाई मागितली आणि क्लीव्हलँडकडून १५ हजार डॉलर वसूल केले. गोऱ्यांच्या साखळ्यांनी एकेक गुणी खेळाडू उचलला. पण कृष्णवर्णीय मालक, मॅनेजर, व्यवस्थापक यांना कोणी बोलावले नाही. १९४८ च्या मोसमानंतर निग्रो नॅशनल लीग बंद पडली. मजूर आत घेतले गेले, संस्था बाहेर राहिल्या. वर्णबंदी उठण्यास आमचा विरोध कसा असेल? पण समावेश कोणाच्या अटींवर झाला, हे विचारलेच पाहिजे.

आता हिवाळी बाजाराचा पहिला प्रश्न घेऊ. आज खेळाडूंचे करार पाहून डोळे दिपतात. डिसेंबर २०२४ मध्ये ह्वान सोटो या डॉमिनिकन खेळाडूने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. खेळाडू आपली किंमत स्वतः मागू शकतो, ही स्थिती आपोआप आलेली नाही. पूर्वी करारात ‘राखीव कलम’ असे. त्यानुसार करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाकडे बांधलेला राही. मालक वाटेल तेव्हा त्याला दुसऱ्या संघाला देऊ शके. खेळाडूला मात्र स्वतःहून जाता येत नसे.

ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूची फिलाडेल्फियाला अदलाबदल केली. बारा मोसम त्याने त्या संघासाठी घालवले होते. त्याने जायला नकार दिला. २४ डिसेंबर १९६९ रोजी कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून त्याने कळवले की आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा माणूस गुलामगिरीची भाषा करतो, म्हणून त्याची टिंगल झाली. त्याचे उत्तर सरळ होते: भरपूर पगार मिळणारा गुलाम हाही गुलामच असतो. ही भाषा त्याने पुस्तकातून उचलली नव्हती. उमेदवारीच्या काळात दक्षिणेत खेळताना त्याला गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर जेवायला बसता येत नसे. त्याचा घामाने भिजलेला गणवेश इतरांच्या कपड्यांतून काठीने बाजूला काढून कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या धुलाईकडे पाठवला गेला, ही आठवण त्याने स्वतः सांगितली आहे. काठीने उचललेला गणवेश म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

फ्लड न्यायालयात गेला. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर त्याच्या पाठीशी उभे राहिले. जॅकी रॉबिन्सनने साक्ष दिली. परंतु त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू त्याच्या बाजूने साक्षीला आला नाही. पोटाची भीती अशी असते. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्याविरुद्ध दिला. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सूट विसंगत आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तरी ती दुरुस्त करण्याचे काम संसदेवर ढकलले. विरोधी मत देणाऱ्या तिघांमध्ये थरगूड मार्शल होते, त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच १९७२ साली.

फ्लड हरला, पण कलमाला तडा गेला. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन खेळाडूंना मुक्त ठरवले आणि आजचा बाजार उघडला. फ्लडचे खेळाडू म्हणून आयुष्य मात्र १९७१ मध्ये वॉशिंग्टनतर्फे तेरा सामने खेळून संपले. १९९७ साली त्याचे निधन झाले. त्याच्या नावाने कायदा झाला तो पुढच्या वर्षी. मार्विन मिलर यांची निवड कीर्तिमंदिरात डिसेंबर २०१९ मध्ये झाली, तेव्हा त्यांच्या मृत्यूला सात वर्षे झाली होती. ज्याने किंमत मोजली तो एक आणि ज्यांना फळ मिळाले ते वेगळे, हे चळवळीत नवे नाही. पण फळ खाणाऱ्यांनी झाड लावणाऱ्याचे नावही विसरावे काय?

दुसरा प्रश्न मॅनेजरचा. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे हिशेब ठेवणारा कारकून नव्हे. क्रिकेटमध्ये कर्णधार मैदानावर जे ठरवतो, ते बेसबॉलमध्ये मॅनेजर ठरवतो. कोण खेळणार, कोणत्या क्रमाने फलंदाजी करणार, चेंडू फेकणारा कधी बदलायचा, हे सारे त्याच्या हाती. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या सामन्याआधी रॉबिन्सनचा सत्कार झाला. मधुमेहाने त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. सत्काराने सुखावून जाण्याऐवजी त्याने सर्वांसमोर सांगितले की एखादा कृष्णवर्णीय मॅनेजर दिसेल त्या दिवशी आपल्याला अधिक अभिमान वाटेल. नऊ दिवसांनी तो गेला. वय अवघे ५३.

क्लीव्हलँडने फ्रँक रॉबिन्सन यांना मॅनेजर केले आणि एप्रिल १९७५ मध्ये त्यांनी पहिला सामना हाताळला. खेळण्याची परवानगी आणि खेळवण्याचा अधिकार यांत २८ वर्षांचे अंतर! दुसरे मॅनेजर लॅरी डोबी. १९७८ साली शिकागो व्हाइट सॉक्सने त्यांना मोसमाच्या मध्यावर आणले, ८७ सामन्यांनंतर घरी पाठवले आणि पुन्हा कोणत्याही संघाने त्यांना मॅनेजर केले नाही. गोऱ्या मॅनेजरांनाही काढतात, असे कोणी म्हणेल. काढतातच. प्रश्न काढण्याचा नाही, पुन्हा बोलावण्याचा आहे.

एप्रिल १९८७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाला चाळीस वर्षे होत असताना, डॉजर्सचेच जनरल मॅनेजर अल कॅम्पानिस दूरचित्रवाणीवर बोलून गेले की मॅनेजर होण्यासाठी लागणारे काही गुण कदाचित कृष्णवर्णीयांमध्ये नसावेत. दोन दिवसांत त्यांना जावे लागले. माणूस गेला, समज गेला काय? १९९९ साली कमिशनर बड सेलिग यांना फर्मान काढावे लागले की वरिष्ठ पदे भरताना अल्पसंख्याक उमेदवारांचा विचार झालाच पाहिजे. आणि गुणवत्तेचा हिशेब? सिटो गॅस्टन यांनी टोरोंटोला १९९२ आणि १९९३ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवून दिली. डस्टी बेकर यांच्या हाताखाली वॉशिंग्टनने २०१७ मध्ये ९७ सामने जिंकले, तरी त्यांचा करार पुढे वाढवला नाही. तेच बेकर २०२२ मध्ये ह्यूस्टनला घेऊन विजेते झाले. डेव्ह रॉबर्ट्स यांनी डॉजर्सला २०२०, २०२४ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदे दिली. एवढे होऊनही २०२४ चा मोसम सुरू झाला तेव्हा ३० संघांमध्ये कृष्णवर्णीय मॅनेजर दोनच होते: रॉबर्ट्स आणि रॉन वॉशिंग्टन. सिद्ध करण्याची अट फक्त एकाच बाजूला का असते?

तिसरा प्रश्न स्मृतीचा. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन गावी हे कीर्तिमंदिर १९३९ पासून उभे आहे. दहा वर्षे बेसबॉल लेखक संघटनेचे सभासद असलेले पत्रकार मतदान करतात. ७५ टक्के मते मिळाली तरच प्रवेश. जॅकी रॉबिन्सन १९६२ मध्ये आत गेला. पण ज्यांना मोठ्या साखळीत खेळूच दिले नाही, त्यांचे काय? १९६६ साली टेड विल्यम्स या गोऱ्या खेळाडूने स्वतःच्या सत्कारात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावे घेऊन हा प्रश्न उघडपणे मांडला. १९७१ मध्ये पेज यांची निवड झाली, तेव्हा निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळे दालन ठेवण्याचा बेत होता. मंदिरातही वेगळी पंगत! ओरड झाली, तेव्हा बेत गुंडाळावा लागला. गिब्सन यांना १९७२ मध्ये प्रवेश मिळाला. ते मात्र जानेवारी १९४७ मध्येच, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, वयाच्या ३५ व्या वर्षी गेले होते.

२००६ साली विशेष समितीने कृष्णवर्णीय बेसबॉलमधील सतरा जणांना एकदम निवडले. त्यांत एफा मॅनलीही होत्या, त्या मंदिरातील एकमेव महिला. परंतु निग्रो लीगची आठवण जिवंत ठेवण्यासाठी आयुष्य वेचणारे, १९६२ मध्ये मोठ्या साखळीतील पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक झालेले बक ओनील वगळले गेले. ९४ वर्षांचा हा म्हातारा रुसून बसला नाही. निवडल्या गेलेल्या सतरा जणांच्या वतीने त्या सोहळ्यात तोच बोलला आणि दोन महिन्यांनी जग सोडून गेला. त्याची निवड झाली डिसेंबर २०२१ मध्ये.

या मंदिराच्या नियमांत चारित्र्याची अट आहे. तिचे कारण सांगून उत्तेजक द्रव्यांच्या आरोपाखालील बॅरी बाँड्स याला, ७६२ होम रनचा विक्रम असूनही, २०२२ मध्ये शेवटच्या संधीला पत्रकारांनी ६६ टक्क्यांवर थांबवले. आम्ही बाँड्सची वकिली करत नाही. पण कृष्णवर्णीयांबरोबर खेळण्यास नकार देणारा कॅप अॅन्सन १९३९ पासून आत आहे. ज्यांच्या कारकिर्दीत, १९२० ते १९४४, एकही कृष्णवर्णीय मोठ्या साखळीत आला नाही, ते कमिशनर लँडिस आत आहेत. ज्यांच्या बोस्टन रेड सॉक्सने सर्वांत शेवटी, १९५९ साली, पहिला कृष्णवर्णीय खेळवला, ते मालक टॉम यॉकी आत आहेत. औषध घेणे चारित्र्यात बसत नाही आणि माणसाला बाहेर ठेवणे बसते, ही कोणती फूटपट्टी?

मे २०२४ मध्ये १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदीत सामील झाली आणि जॉश गिब्सनची कारकिर्दीतील फलंदाजी सरासरी .३७२ ही टाय कॉबच्या .३६७ च्या वर गेली. लगेच आक्षेप आले, की त्या साखळीचे नोंदले गेलेले सामने कमी होते. कमी होते हे खरे. ते कोणी कमी ठेवले, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत.

आणि आता मैदानाकडेही पाहिले पाहिजे. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० नंतर असे प्रथमच घडले. गेल्या काही मोसमांत मोठ्या साखळीतील कृष्णवर्णीय खेळाडूंचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आले आहे. मुलांचे बेसबॉल आता महागड्या क्लबांचे आणि दौऱ्यांचे झाले आहे. ठरवणाऱ्यांमध्ये आपला माणूस नसला की मिळालेले मैदानही हातातून निसटते, हा याचा धडा आहे. मैदानावरील जागा, निर्णयाची खुर्ची आणि इतिहासातील नोंद हे तिन्ही हक्क एकत्रच मागावे लागतात. एक मिळाला म्हणून दुसऱ्यासाठी थांबायचे नसते, हे सत्काराच्या व्यासपीठावरून जवळजवळ आंधळ्या झालेल्या जॅकी रॉबिन्सनला स्पष्ट दिसले होते. डोळस असलेल्यांना ते दिसायला हरकत नसावी.