वरळीचा खडक केव्हा उघडा पडतो

तिथीला पाऊणने गुणा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते, म्हणून कोकणचा हा जुना हिशोब मुंबईलाही जवळपास लागू पडतो. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी.

म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वरळीचं पाणी दुपारी आणि मध्यरात्री चढतं, तर पहाटे आणि संध्याकाळी तळाला जातं. फरक चार मीटरहून अधिक. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी फारसं हटत नाही आणि खालचा खडक झाकलेलाच राहतो.

या चढउतारानेच खडकावर थर लावलेत. सगळ्यात वर बार्नॅकल, कवच घट्ट मिटून तासन्‌तास ऊन सोसणारे. त्याखाली कालवं. अगदी खाली, जिथलं पाणी जेमतेम हटतं, तिथे स्पंज, झोअँथिड आणि प्रवाळ. कोण किती वर जाईल हे ऊन ठरवतं. खालची हद्द बहुधा भक्षक आणि जागेची चढाओढ ठरवतात. याउलट अलास्काच्या आर्क्टिक किनाऱ्यावर भरती-ओहोटीत फूटभरही फरक नसतो, शिवाय हिवाळी बर्फ किनारा खरवडून काढतो. तिथे असे थर जमणं अवघड.

उत्तरेला, वरळीच्या किल्ल्यापलीकडे, माहीमच्या खाडीत मिठी नदी उतरते. विहार-पवईकडून सुमारे १८ किलोमीटर वाहत येताना ती शहराचं सांडपाणी घेऊन येते आणि पावसाळ्यात गाळाचे लोट. अशा गढूळ पाण्यातही इथले प्रवाळ तगतात, ही मला या किनाऱ्याची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, वाघाइतकंच, संरक्षण आहे. म्हणूनच मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामासाठी, २०२० साली, वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळाच्या १८ वसाहती परवानगी घेऊन खडकावरून सोडवून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांना मात्र स्वतः लढावं लागलं. तिथल्या क्लीव्हलँड बंदरातून निघालेली होडी वारा आणि लाटांनी आडवी ढकलली जाते, तेव्हा या रस्त्याच्या पुलाच्या खांबांत आखलेलं ६० मीटर अंतर अपुरं पडलं असतं. त्यांनी १६० मागितलं. डिसेंबर २०२२ मध्ये १२० मान्य झालं.