पाणंदीची वाट आणि सस्पेन्शनवाली ग्रॅव्हल बाईक

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "पाणंदीतून दोन तास सायकल चालवली की हात बधिर होतात. सस्पेन्शनवाली ग्रॅव्हल बाईक घेऊ का? पैसे साठवलेत, पण घेणार एकदाच." आज आपण याच प्रश्नाचं उत्तर शोधू.

ग्रॅव्हल बाईक म्हणजे काय? वाकडं हँडल रोड बाईकचं, पण टायर रुंद, ४० ते ४५ मिलिमीटरचे. ही सायकल अमेरिकेत रुजली. कॅन्सस राज्यात २००६ साली खडीच्या रस्त्यांवरची एक शर्यत सुरू झाली, तीच आजची 'अनबाउंड ग्रॅव्हल'. आपल्याकडे खडी वेगळी आहे. कोल्हापूरच्या आसपास उसातल्या पाणंदी, हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि राधानगरी-गगनबावड्याकडे गेलं की जांभा दगड, तांबडी माती. म्हणजे धक्के खरेच आहेत.

आता बघा, धक्का पहिल्यांदा टायर झेलतो. आपल्यातले बरेच जण सवयीने हवा टणक भरतात. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवून बघावी. बऱ्याचदा निम्मी तक्रार इथेच मिटते, तीही फुकटात.

तरी भागलं नाही, तर सस्पेन्शन. ग्रॅव्हलचा फोर्क माउंटन बाईकसारखा १०० मिलिमीटर दबत नाही. रॉकशॉक्सचा रूडी ३० किंवा ४० मिलिमीटर दबतो. आइसलंडच्या लाउफ कंपनीचा फोर्क पानाच्या स्प्रिंगवर चालतो. त्यात ना तेल, ना सील. स्पेशलाइज्डच्या डायव्हर्जमध्ये हँडलच्या खालीच २० मिलिमीटरची स्प्रिंग असते. पण याची किंमत वजनातही मोजावी लागते. साधा कार्बन फोर्क सुमारे अर्धा किलोचा, तर हवेवर चालणारा सस्पेन्शन फोर्क सव्वा किलोच्या घरात. ज्याला रोज डांबरी रस्त्याने पन्हाळ्याचा चढ चढायचाय, त्याला हे वजन विनाकारण वाहावं लागेल.

घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, फ्रेम सस्पेन्शनसाठी बनवलेली आहे का? साध्या फ्रेमला नंतर असा फोर्क लावला, तर पुढची बाजू तीन-चार सेंटिमीटर वर उचलली जाते आणि सायकल वळवताना जड वाटते. दुसरी, स्वस्तातल्या सायकलींना लोखंडी स्प्रिंगचा जड फोर्क असतो. तो दिसायला सस्पेन्शन, पण बारीक खडीवर हलतच नाही. त्यापेक्षा चांगला साधा फोर्क बरा. तिसरी आणि महत्त्वाची, सीलचा संच मिळतो का आणि सर्व्हिस कोल्हापुरात होते की सायकल पुण्याला पाठवावी लागते, हे पैसे देण्याआधी विचारा. उद्यमनगरात लेथवर काहीही बनवून मिळतं याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. पण फोर्कचं सील लेथवर होत नाही. ते मूळ मापाचंच लागतं.

जुनी सायकल घेत असाल तर फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकलं, तर तो ओरखडा सील खाणार. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खटखट जाणवली की एकतर हेडसेट ढिला आहे किंवा फोर्कचे बुश झिजलेत.

आता देखभाल. फोर्कमध्ये हवा भरायला शॉक पंपच वापरा. फोर्कचा व्हॉल्व्ह मोटरसायकलच्या टायरसारखाच असतो, म्हणून पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावायचा मोह होतो. तो करू नका. आतली जागा इतकी छोटी असते, की क्षणात दाब हाताबाहेर जातो. हवा किती भरायची? नेहमीच्या कपड्यांत, पाठीवरच्या पिशवीसकट सायकलवर बसा. ४० मिलिमीटरचा फोर्क नुसत्या वजनाने ६ ते ८ मिलिमीटर दबला पाहिजे. नळीवर रबरी रिंग नसेल तर प्लॅस्टिकचा टाय सैलसर बांधून मोजा आणि मोजून झालं की काढून टाका.

पावसाळ्यात गगनबावड्याकडून आलात की लगेच वॉशिंग सेंटर गाठू नका. जोराचा फवारा सीलच्या आत पाणी आणि चिखल ढकलतो. बादलीभर पाणी, मऊ फडकं पुरे. प्रत्येक फेरीनंतर नळ्या पुसा. त्यांवर इंजिन ऑइल किंवा ग्रीस चोपडू नका, त्याला धूळ चिकटते. साधारण ५० तास चालवल्यावर खालचे पाय काढून तेल बदलायचं असतं. रविवारी चार तास चालवणाऱ्यासाठी ते तीन महिन्यांवर येतं. पावसात चालवत असाल तर त्याआधीच. हे टाळलं, की कोरडे बुश घासतात, नळीवरचा थर उडतो, आणि काही मिलिलिटर तेलाची बचत अख्ख्या फोर्कला पडते.

तर त्या श्रोत्यांना आमचं सांगणं असं : आधी महिनाभर हवा कमी करून चालवा, हँडलची उंचीही तपासून घ्या. तरी हात बधिर झाले आणि तुमची निम्मी वाट कच्चीच असेल, तर सस्पेन्शन जरूर घ्या. मात्र सर्व्हिसचा खर्च त्याच दिवशी हिशेबात धरा. आणि दोन-चार दिवस सायकल बंद ठेवूनही बधिरपणा गेला नाही, तर सायकलच्या दुकानात न जाता डॉक्टरांना हात दाखवा.